पिंडाला न शिवलेले कावळे

१

माझी बायको तुळजा ज्येष्ठात वारली. दहाव्या दिवशी ओंकारेश्वराच्या घाटावर तिचा पिंड ठेवला आणि त्याला कावळा शिवला नाही.

कावळे नव्हते असं नाही. देवळाच्या भिंतीवर वीस-पंचवीस बसले होते. आमच्या बाजूलाच एका साळ्याच्या बापाचा दहावा होता. त्याचा पिंड ठेवला आणि साळी चार पावलं मागे सरला, एवढ्यात भात फस्त झाला. मग तेच कावळे भिंतीवर परतले आणि आमच्याकडे पाहत बसले.

मी पिंडापाशी हात जोडून उभा होतो. डोकं, मिशी सगळं उतरवलेलं. अशा वेळी मेलेल्या माणसाची इच्छा ओळखून बोलायचं असतं. मी बोललो. तुझ्या भावाला अंतर देणार नाही म्हणालो. घराचा उंबरा सोडणार नाही म्हणालो. एक कावळा मान वाकडी करून बघत राहिला. हलला नाही.

वरच्या पायरीवरून माझी भावजय मैना म्हणाली, "भावजी, नथीचं बोला. त्यांचा जीव नथीत आहे."

तुळजाची नथ सापडत नव्हती. ती सवाष्ण गेली, म्हणून तिला नथ घालून न्यायचं होतं. अंघोळ घालताना बायकांनी पाहिलं तर नाक उघडं. पेटी शोधली, अंथरूण झाडलं. नथ नव्हती.

मी म्हणालो, "नथ नेणाराला मी सोडणार नाही."

कावळे गप्प. माझा मेहुणा माधव कानाशी म्हणाला, "नाव घ्या."

नाव आमच्या सगळ्यांच्या मनात होतं. सरुबाई दळण-कांडण करायची, आणि शेवटचे पंधरा दिवस तीच तुळजाच्या उशाशी होती. ती मागे पाण्याची घागर घेऊन उभी होती. मी दोन पावलं पुढे झालो, मान वर केली आणि म्हणालो, "सरुबाईला मी सोडणार नाही."

त्याच क्षणी सगळे कावळे एकदम ओरडत उठले. आमच्या डोक्यावर गरागरा फिरू लागले. असा कालवा मी कधी ऐकला नव्हता. घाटावरची सगळी माणसं वळली आणि सरुबाईकडे पाहू लागली.

पिंडाला तरीही कोणी शिवलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून तो शिववला आणि आम्ही घरी आलो. पण आळीत निकाल लागून गेला होता. तुळजानं साक्ष दिली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

पुढचं सगळं खरं सांगतो. पण ज्या क्रमानं मी ते इतरांना सांगितलं, त्याच क्रमानं सांगतो. तो क्रमच माझी लाज आहे.

२

आम्ही तांबट. कसब्यात आमची आळी आहे. दिवसभर हातोडीचा आवाज असतो, त्यामुळे आमची माणसं जरा मोठ्यानं बोलतात. पंचांची बैठक त्याच दिवशी आप्पाशेटांच्या ओसरीवर भरली. आप्पाशेट आळीतले वडीलधारे. सरुबाईला समोर उभं केलं.

माधवनं सांगितलं, बहीण जाण्याच्या पाच दिवस आधी त्यानं सरुबाईला सोनाराच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं होतं. पदराच्या गाठीत काही बांधलेलं होतं.

आप्पाशेटांनी विचारलं, "गेली होतीस का सोनाराकडे?"

"गेले होते."

"कशाला?"

"ते सांगायचं नाही."

"नथ तू चोरलीस?"

"चोरली नाही."

"मग कुठं आहे?"

"तेही सांगायचं नाही," सरुबाई म्हणाली.

मैना म्हणाली, "चोरली नाही, पण सांगायची नाही. बाई, तुमच्या जात्यातनं पीठ असंच पडतं का, निम्मं?"

काही जण हसले. सरुबाई हसली नाही. ती आप्पाशेटांकडे बघत म्हणाली, "माझं खरं-खोटं करायचं असेल तर तेल तापवा. मी हात घालते."

ती दिव्य मागत होती. दिव्य म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. उकळत्या तेलात धातूचा रवा टाकायचा आणि तो हातानं काढायचा. हात भाजला तर चोर. सरुबाईचं पोट दोन हातांवर होतं. हात गेला तर जातं कोण ओढणार, हे कोणी बोललं नाही. तिची सून बाळंतपणात गेलेली, मुलगा लष्कराबरोबर गेला तो आलाच नव्हता.

वरून, सरकारातून परवानगी आणायचं ठरलं. दिवस चौदावा ठरला. आमच्या आळीची एक रीत आहे, फिर्याद करील त्यानं कढई द्यायची. म्हणजे कढई मी घडवायची होती.

लोक उठून गेल्यावर आप्पाशेट मला म्हणाले, "अनंता, मला हे बरं दिसत नाही. बाई चोर असती तर तेल मागितलं नसतं. मी हिंदुरावांना बोलावतो. तीन दिवस आहेत."

मला बोलावणं नको होतं. पण नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

३

हिंदुराव मूळचे वाघोलीचे. पंचवीस वर्षं जासूद होते. बातमी आणायची, चेहरे लक्षात ठेवायचे, हे त्यांचं काम. एका पायाला गोळी लागली आणि नोकरी सुटली. काठी टेकत ते माझ्या कारखान्यात आले, तेव्हा मी कढईचा पत्रा खोल करत होतो.

"हीच का ती?" त्यांनी विचारलं.

"हीच."

"झ्याक हाय. मन लावून केलंय."

ते भट्टीपासून लांब बसले आणि मैनेला बोलावलं. मैनेनं दारात उभं राहून सांगायला सुरुवात केली. सरुबाई कशी आजारपणात घरात घुसली, वहिनी तिच्याशी कसं कुजबुजायच्या आणि आपण गेलं की दोघी गप्प बसायच्या, असं सगळं.

"अंघोळ तुम्हीच घातली?"

"मी आणि दोघी शेजारणी."

"नाक कसं होतं? ओरबाडलेलं? रक्त?"

"छे. नीट होतं. नथीच्या भोकात कडुलिंबाची काडी होती. बारीक, सोलून घातलेली. तीही मीच काढली."

"काडी कशाला?"

मैनेला या प्रश्नाचं हसू आलं. "दादा, तुम्ही नथ घालत नाही म्हणून विचारता. नथ काढून ठेवली की भोक बुजू नये म्हणून काडी घालतात."

हिंदुरावांनी मान हलवली. मैना आत गेल्यावर ते मला म्हणाले, "चोरानं नथ ओढली आणि मग भोक बुजू नये म्हणून काडी सोलून घातली. भला चोर म्हणायचा."

मी हातोडी चालवत राहिलो.

"अनंतशेट, बायकोच्या नाकात नथ शेवटची कधी पाहिलीत?"

मी आठवायचा प्रयत्न केला. तिला पंधरा दिवस ताप होता. मी सकाळी दारात उभा राहून विचारायचो, कसं आहे. ती म्हणायची, बरं आहे. मी कारखान्यात यायचो. संध्याकाळी तसंच. जवळ बसलो नव्हतो. तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं नव्हतं.

"लक्षात नाही," मी म्हणालो.

"चोवीस वर्षं संसार केला तुम्ही."

"हो."

"बरं," ते म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी बरंच काही ठेवलं.

मग त्यांनी अंगणाकडे पाहिलं. तिथं उन्हात भांडी वाळत घातली होती. डाव्या बाजूला माझी, उजव्या बाजूला धाकटा भाऊ श्याम याची. माझ्या प्रत्येक हंड्यावर, घागरीवर पांढरे ओघळ होते. श्यामच्या भांड्यांवर एक डाग नव्हता.

"हे काय?"

श्याम शेजारून म्हणाला, "महिना झाला, कावळे दादाच्याच भांड्यांवर शिटतात. आम्ही जागा बदलून पाहिली. माझी भांडी त्याच्या जागी ठेवली. कावळे बरोबर त्याचीच शोधून काढतात."

"कशी ओळखतात?"

"तो उचलून ठेवताना वर बसून पाहत असतील."

श्याम हे चेष्टेनं म्हणाला. हिंदुराव हसले नाहीत. ते उठले, अंगणातल्या जांभळीखाली गेले आणि काठीनं पालापाचोळा उकरू लागले. खाली काटक्या होत्या, आणि त्यांत तांब्याच्या तारेचे आठ-दहा वाकवलेले तुकडे.

"घरटं होतं इथं. तुमच्या तारा चोरून बांधलेलं."

"वाऱ्यानं पडलं," मी म्हणालो.

वैशाखात आमच्याकडे पान हलेल इतका वारा नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव मला म्हणाले, "चला, सरुबाईकडे जाऊ."

"मी कशाला?"

"काठीला सोबत."

सरुबाईची खोली आळीच्या टोकाला. आम्ही कोपऱ्यावर आलो आणि हिंदुरावांनी मला हातानं थांबवलं. ती दाराबाहेर उकिडवी बसली होती. समोर पाच-सहा कावळे. ती हातावर भाकरीचा तुकडा धरत होती आणि कावळे एकेक करून तो उचलत होते. एका लंगड्या कावळ्यानं तुकडा घेतला, बाजूच्या पाण्यानं भरलेल्या मातीच्या परळात बुडवला, मऊ झाल्यावर खाल्ला, आणि मग परळाच्या काठावर चोचीनं ठोकायला लागला. टक टक, थांबून पुन्हा टक टक.

तो लंगडा आमच्या घरचा. तुळजा रोज जेवणाआधी कावळ्यांना घास घालायची. हा अंगणात यायचा आणि माझ्या भांड्यांवर असंच ठोकायचा. तुळजा हसायची आणि म्हणायची, तुमचा शागीर्द आला, पण मजुरी भाकरीत घेतो. तिचं ते बोलणं आठवलं. मी खाकरलो आणि एक पाऊल पुढे टाकलं.

लंगड्यानं मान वळवली. मला पाहिलं आणि ओरडला. बाकीचे उडाले. छपरावरून, पिंपळावरून, कुठून कुठून कावळे आले आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालू लागले. एकानं टाळूवर टोच मारली. मुंडण केलेल्या डोक्यावर ती चांगलीच लागली. मी दोन्ही हात डोक्यावर धरून भिंतीला टेकलो.

हिंदुराव माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांच्याकडे एकाही कावळ्यानं पाहिलं नाही.

सरुबाई उठली. "तुम्ही जा, शेट," ती म्हणाली. "तुम्ही असाल तर ते खायचे नाहीत."

"का खायचे नाहीत?" हिंदुरावांनी विचारलं.

तिनं भाकरी पदरात गुंडाळली. "ते पाखरांना विचारा."

"विचारतो," हिंदुराव म्हणाले.

५

तेराव्या दिवशी सकाळी त्यांनी मला, माधवला आणि आप्पाशेटांना पुन्हा घाटावर नेलं. बरोबर भाताचे तीन गोळे आणि एक घोंगडी.

"पहिला गोळा माधवराव ठेवतील," ते म्हणाले. मला त्यांनी देवळाच्या आड उभं केलं.

माधवनं गोळा ठेवला आणि तो मागे सरला. कावळे उतरले. गोळा गेला.

"दुसरा अनंतशेट ठेवतील. पण घोंगडी पांघरून. तोंड झाकून घ्या, पार नाकापर्यंत."

मी घोंगडी डोक्यावरून घेतली, वाकलो, भात ठेवला. मागे सरायच्या आतच एक कावळा माझ्या पायाशी उतरला. इतका जवळ, की मला हात लावता आला असता. त्यानं भात खाल्ला.

आप्पाशेट पुटपुटले, "हे काय चाललंय?"

"आता तिसरा. घोंगडी काढा."

मी घोंगडी काढली. त्यांना सांगावं लागलं नाही, मला आधीच कळलं होतं काय होणार ते. कावळ्यांनी मला पाहिलं आणि दहाव्याला झाला तोच कालवा झाला. तिसरा गोळा तसाच राहिला. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका हसू लागल्या. एक म्हणाली, "शेटजी, कावळ्यांची उधारी ठेवलीत का?"

हिंदुराव आप्पाशेटांना म्हणाले, "दहाव्याला कावळे सरुबाईचं नाव ऐकून ओरडले न्हाईत. अनंतशेट पुढं झाले, मान वर केली, तेव्हा ओरडले. त्यांना हे तोंड ठाऊक हाय. मिशी उतरवली तरी ठाऊक हाय. पिंडाजवळ हे उभे होते म्हणून ते आले न्हाईत. त्यात तुळजाबाईंची इच्छा-बिच्छा काही न्हाई."

माधवनं माझ्याकडे पाहिलं. "पण कावळ्यांचं यांच्याशी काय वाकडं?"

"ते मी उद्या सांगतो," हिंदुराव म्हणाले. "कदाचित मला सांगावं लागणार न्हाई."

६

संध्याकाळी ते सोनाराकडे जाऊन आले आणि कारखान्यात माझ्यासमोर बसले. श्यामला त्यांनी पाणी आणायला पाठवलं.

"कढई झाली?"

"काठ मुरडायचा आहे."

"सोनार भेटला. सरुबाईनं नथच नेली होती."

माझ्या हातातली हातोडी थांबली. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण मला खरोखर बरं वाटलं. म्हणजे ती चोर होती. म्हणजे मी बरोबर होतो.

"नथीची तार वितळवून तिनं एक वस्तू करून घेतली," हिंदुराव पुढे म्हणाले. "चिंचोक्याएवढी. पातळ पत्र्याची, आतून पोकळ. सोनार म्हणाला, पहिल्यांदा चिमणीसारखी झाली. बाई म्हणाली, चोच जाड करा. दुसऱ्यांदा पारव्यासारखी झाली. बाई म्हणाली, मान लांब करा. तो वैतागला. म्हणाला, प्रायश्चित्ताच्या सोन्याच्या मांजरी मी दोन केल्यात. कावळा आयुष्यात पहिलाच."

मी खाली बसलो.

"तुम्हाला रीत ठाऊक हाय. मांजर मारली तर सोन्याची मांजर दान करायची. कावळा मारला तर कावळा. आता सांगा, मारला कुणी? सरुबाई न्हाई. तिच्या हातावरनं कावळे खातात. तुळजाबाई न्हाई. त्याच तर घास घालायच्या. मैनाबाई, श्यामराव यांच्या वाटेला कावळे जात न्हाईत. कावळा माणसाचं तोंड विसरत न्हाई, अनंतशेट. आम्ही जासूद दाढ्या वाढवून, कपडे बदलून शत्रूच्या छावणीत फिरलो. माणसं फसली. एकदा एका छावणीत मी कावळ्याला दगड मारला होता. दीड वर्षानं परत गेलो तर सगळ्या छावणीत कावळ्यांनी एकट्या मला ओळखलं. जीव वाचला तो नशिबानं."

त्यांनी काठीनं अंगणातल्या जांभळीकडे दाखवलं.

"घरटं वाऱ्यानं पडलं न्हाई."

तेव्हा मी सांगितलं. फक्त त्यांना.

वैशाखात तुळजा न्हाऊन जांभळीखाली केस वाळवत बसली होती. एक कावळा खाली झेपावला आणि तिच्या डोक्याला शिवून गेला. डोक्याला कावळा शिवला की मरण येतं, असं आमच्यात मानतात. ती हसून आत गेली. मला हसू आलं नाही. ती आत पडली आहे असं पाहून मी बांबू घेतला आणि घरटं पाडलं. त्यात तीन पिल्लं होती. मी ती राखेच्या खड्ड्यात टाकली. एक जिवंत होतं. त्याच्यावर मी राख ओढली. दोन्ही कावळे माझ्या डोक्यावर ओरडत होते. मी कुणालाही सांगितलं नाही. आठ दिवसांनी तिला ताप आला, आणि मला वाटलं की अपशकुन टाळायला गेलो आणि पाप करून मीच तो घरात आणला. म्हणून मी तिच्याजवळ बसत नव्हतो. मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

हिंदुराव म्हणाले, "एक पिल्लू आधीच खाली पडलेलं असणार. कावळी पिल्लासाठी जवळ येईल त्याला टोचते. दर वैशाखात टोचते. तुमच्या बायकोऐवजी तुम्ही तिथं बसला असता, तर तुम्हाला टोचली असती."

मी हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"तुळजाबाईंनी तुम्हाला बांबू घेताना पाहिलं असणार. त्यांनी नथ स्वतः काढली, काडी घातली, आणि सरुबाईला शपथ घातली असणार. तुमचं पाप फेडायचं आणि तुमचं नाव झाकायचं. म्हणून ती बाई तेलात हात घालायला निघालीय, पण बोलत न्हाई."

"मग तुम्ही पंचांना सांगा," मी म्हणालो.

"काय सांगू? सोनार सांगेल, बाईनं नथ आणून वितळवली. पंच म्हणतील, बघा, चोरलीच. काडी तिनंच घातली म्हणतील. दान घेतलेला भट गुप्तदान म्हणून बोलायचा न्हाई. ती नथ तिला कशासाठी दिली, हे कळायला आधी कावळे कुणी मारले ते कळायला हवं. आणि ते माझ्या तोंडून ऐकून कुणी मानणार न्हाई. तुम्ही म्हणाल, मी न्हाई मारले."

ते काठी टेकून उठले. दारात वळून म्हणाले, "म्हणाल का?"

श्याम पाणी घेऊन आला. हिंदुरावांनी ते प्यायलं आणि ते गेले.

मी कढईचा काठ मुरडला. ती पुरी केली.

७

चौदाव्या दिवशी सकाळी देवळासमोर चूल पेटवली. माझी कढई तिच्यावर ठेवली. तेल ओतलं. आळीतले सगळे होते. सरुबाईचे हात राखेनं धुतले, आधीचे डाग कुठं आहेत ते पाहून पंचांनी त्यांवर खुणा केल्या. बोटांना जात्याच्या खुंट्याचे घट्टे होते. आप्पाशेटांनी तेही नोंदवायला सांगितलं.

मी आदल्या दिवसापासून मनात वाक्यं जुळवत होतो. तेल तापेपर्यंत सांगीन, असं म्हणालो. तेल तापलं. पिंपळाचं पान टाकलं, ते चरचरून काळं झालं. रवा टाकण्याआधी सांगीन म्हणालो. रवा टाकला. हिंदुराव समोर उभे होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. जमिनीकडे पाहत होते. माझ्यासाठी त्यांनाच लाज वाटत असावी.

सरुबाईनं पदर खोचला आणि हात पुढे केला.

"थांबा," मी म्हणालो.

माझा आवाज इतका बारीक निघाला की कुणी ऐकलं नाही. हिंदुरावांनी ऐकला. त्यांनी काठी आडवी घालून तिचा हात अडवला.

"शेट काहीतरी म्हणतायत," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. जांभळीपासून राखेच्या खड्ड्यापर्यंत. जिवंत पिल्लाचंही. नथ तिनंच दिली, माझ्या पापासाठी, हे सांगितलं. हिंदुरावांनी सोनाराला गर्दीतून पुढे बोलावलं आणि त्यानं कावळ्याचं सांगितलं. चोच जाड करायला सांगितली तेही सांगितलं. पण या वेळी कोणी हसलं नाही.

माधव रडू लागला. मैना खाली बसली. आप्पाशेटांनी चूल विझवायला सांगितलं आणि सरुबाईला विचारलं, "हे खरं?"

सरुबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती मोकळी होईल. ती संतापली होती.

"तुळजाबाईंनी माजघराच्या खिडकीतनं सगळं पाहिलं होतं," ती म्हणाली. "ताप चढला तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, यांना एवढंसुद्धा कळू देऊ नको की मला ठाऊक आहे. ते आधीच माझ्याकडे बघत नाहीत. ठाऊक आहे म्हणून कळलं तर कधीच बघायचे नाहीत. मोती दानाबरोबर दिले. कावळ्यांचा घास मी चालवीन म्हणून कबूल केलं. एवढंच होतं. शेट, त्यांची शपथ मी चौदा दिवस सांभाळली. सांगायचंच होतं, तर दहाव्याला माझं नाव घ्यायच्या आधी सांगायचं."



आप्पाशेट म्हणाले, "अनंता प्रायश्चित्त घेईल. आळीला जेवण देईल. बाई, तुला काय हवं ते माग."

"जेवण नको," सरुबाई म्हणाली. "अकरा घरांनी माझं दळण बंद केलंय. यांनी त्या अकरा दारांत जाऊन सांगावं. पंचांनी निरोप पाठवायचा नाही. यांनी जायचं. आणि नुसतं बाई चोर नाही, एवढं नाही सांगायचं. चोर का नाही ते सांगायचं."

८

मी त्याच दिवशी निघालो.

पहिल्या दारात मला पाट दिला, पाणी दिलं. मी सांगितलं. घरधनी म्हणाले, "जाऊ दे हो, दुःखात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं." ते ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली. दुसऱ्या दारात सासू-सुना दोघी ऐकत होत्या. सून म्हणाली, "जिवंत होतं ते पिल्लू?" मी हो म्हणालो. ती आत निघून गेली. पाचव्या दारात एक म्हातारे मला म्हणाले, "अनंता, आम्हाला हे ऐकवून तुझं पाप आमच्या उंबऱ्यावर कशाला टाकतोस?" मी म्हणालो, "मला सांगितलंय म्हणून." ते म्हणाले, "म्हणजे अजून तुझं तुला वाटत नाही." मी पुढच्या दारात गेलो तेव्हा सांगितलंय म्हणून असं म्हणालो नाही.

एका घरी कुणी नव्हतं. मी पायरीवर बसून राहिलो. घरची माणसं उन्हं कलताना आली.

रस्त्यानं कावळे माझ्याबरोबर होते. या छपरावरून त्या छपरावर ओरडत येत होते. त्यामुळे मी दारात पोचायच्या आधीच घरातल्यांना कळायचं की अनंत तांबट आला. मी डोक्यावर काही घेतलं नाही.

अकरा दारं झाली. बारावं कोणी सांगितलं नव्हतं. मी आळीच्या टोकाला गेलो.

सरुबाईचं दार उघडं होतं. त्या अकरा घरांपैकी एकानं लगेच जोंधळे पाठवले होते. ती दळत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि सांगायला लागलो. मी काय केलं. ते तुझ्यावर कसं टाकलं. तेल तापल्यावरही कसा गप्प राहिलो. तू तुळजाच्या उशाशी बसलेली असायचीस तेव्हा मी दारातून कसा परत फिरायचो.

तिनं जातं थांबवलं नाही. मागे पाहिलंही नाही. माझं सगळं सांगून झालं तेव्हा तिनं मूठभर जोंधळे जात्यात टाकले.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "जात्यात ऐकू येत नाही."

शेजारची दारं उघडली होती. माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. मी पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली, मोठ्यानं.